आंत्रविषाणू : पेशीतील गुणन व रोगकारकता

पिकॉर्नाव्हिरिडी कुलातील एंटेरोव्हायरस या प्रजातीचे विषाणू. पोलिओ, कॉक्सॅकी व एको हे गट आणि नुसत्या क्रमांकाने ओळखले जाणारे ए७१, डी६८, डी७० इ. प्रकार तिच्यात येतात. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस पूर्वी वेगळ्या प्रजातीत धरत; आता तेही येथेच घेतात. विषाणुकण सु. ३० नॅनोमीटर व्यासाचा व वीसपृष्ठी असून त्याला मेदावरण नसते. व्हीपी१ ते व्हीपी४ या चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींनी बनलेल्या कवचात सु. ७,५०० न्यूक्लिओटाइडांचा एकसरी, धन (म्हणजे ज्यावरून थेट प्रथिन बनते असा) आरएनए असतो. जठरातील आम्लाला हा कण दाद देत नाही (ऱ्हायनोव्हायरस त्यात टिकत नाहीत) आणि सांडपाण्यात तो बराच काळ राहतो. पुढील विवेचन मुख्यतः पोलिओ विषाणूवर आधारलेले आहे, कारण या प्रजातीविषयीची बहुतेक माहिती त्याच्यावरील प्रयोगांतूनच मिळाली आहे. इतरांना ती जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही.

पेशीप्रवेश : पोलिओ विषाणूचा ग्राही (विषाणू ज्याला चिकटतो ते पेशीवरील प्रथिन) सीडी१५५ हा १९८९ मध्ये मेंडेलसन, विमर व रॅकॅनिएलो यांनी निश्चित केला. कॉक्सॅकी बी गटाचा ग्राही वेगळा, ए७१ चा त्याहून वेगळा. पोलिओचा ग्राही कवचावरील खोल घळीत बसतो. त्यासरशी कवच सैल होते, आत दडलेले व्हीपी४ व व्हीपी१ चे एक टोक बाहेर येऊन पेशीच्या पटलात रुततात आणि आरएनए पेशीद्रवात उतरतो. तो कवचाच्या पंचमिती अक्षावरून (जेथे पाच सारखे भाग एकत्र येतात तेथून) बाहेर पडतो, असे पूर्वी मानत. अलीकडील चित्रणांवरून द्विमिती अक्षाजवळचे छिद्र अधिक संभाव्य वाटते.

भाषांतर : पेशीच्या बहुतेक संदेशवाहक आरएनएंच्या ५' टोकाला टोपी (भाषांतर सुरू होण्यास लागणारा रासायनिक गट) असते. विषाणूच्या आरएनएला ती नसते. तेथे व्हीपीजी हे सु. २२ ॲमिनो अम्लांचे छोटे प्रथिन जोडलेले असते व पेशीतलेच एक एंझाइम ते छाटून टाकते. रायबोसोम (प्रथिने बांधणारा पेशीघटक) मग टोकाशी न बसता थेट आतल्या भागावर उतरतो. असा अंतर्गत प्रवेशस्थळाचा पुरावा पेलेतिए व सोनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये पोलिओ विषाणूत दाखवला. त्यातून सु. २,२०० ॲमिनो अम्लांचे एकसंध बहुप्रथिन तयार होते आणि २ए, ३सी व ३सीडी (३सी व ३डी जोडलेले) हे त्याचेच भाग त्याचे तुकडे करतात. २ए आणखी एक काम करते. टोपीवाल्या आरएनएंच्या भाषांतराला लागणारे ईआयएफ४जी हे यजमान प्रथिन ते तोडते. यजमानाची प्रथिननिर्मिती थंडावते, विषाणूची चालू राहते.

भाषांतराकडून प्रतिकृतीकडे : येथे एक पेच आहे. रायबोसोम आरएनएवरून ५' कडून ३' कडे सरकतो, तर ३डी हा पॉलिमरेज त्याच आरएनएची प्रत ३' टोकापासून काढू लागतो. दोघे एकाच रेणूवर एकाच वेळी चालले तर समोरासमोर येतील. गॅमार्निक व अँडिनो यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार याचा निवाडा ५' टोकाच्या चौपानी (चार पानांसारखी घडी पडलेल्या) रचनेवर होतो. आरंभी तेथे पीसीबीपी२ हे यजमान प्रथिन असते व भाषांतर जोरात चालते. ३सीडी पुरेसे साचले की ते या रचनेला चिकटते, भाषांतर मंदावते आणि रेणू प्रतिकृतीसाठी मोकळा होतो. पीसीबीपी२ चे पुढे ३सीकडून तुकडे होणे हे या बदलाचे कारण की परिणाम, यावर मतभेद आहेत. साचलेल्या प्रथिनाच्या प्रमाणावर सारे चालते, ही मूळ कल्पना मात्र टिकून आहे.

नवी साखळी सुरू करायला पॉलिमरेजला आधार लागतो. तो व्हीपीजी पुरवते. २सी या विषाणुप्रथिनाच्या संकेतप्रदेशातील एका आरएनए-गाठीवर व्हीपीजीच्या टायरोसिनाला दोन युरिडिने जोडली जातात व तेथून साखळी वाढते. म्हणूनच विषाणूच्या प्रत्येक नव्या तंतूच्या टोकाला व्हीपीजी आढळते. ऋण (धन तंतूला पूरक) तंतू थोडे, धन तंतू त्यांच्या कित्येक पटींनी निघतात. हे सारे पेशीच्या स्रावी मार्गातील पटलांपासून बनलेल्या पुटिकांवर घडते; त्यासाठी ३ए व २बीसी ही विषाणुप्रथिने यजमानाची मेद-एंझाइमे वळवून घेतात. ३डी चुका दुरुस्त करत नाही आणि सर्वसाधारणपणे १०,००० न्यूक्लिओटाइडांमागे एक चूक राहते. त्यामुळे एका रुग्णातील विषाणू म्हणजे जवळजवळ सारख्या रूपांचा एक थवाच असतो.

हीला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत हे चक्र सु. ६–८ तासांत पूर्ण होते. कण पेशी फुटून बाहेर पडतात, असे पाठ्यपुस्तकी वर्णन आहे. पेशी न फुटताही ते गटागटाने पटलाच्या पुटिकांतून जातात, हे २०१५ मधील प्रयोगांत दिसले. शरीरात यांपैकी कोणता मार्ग मोठा, याचा निर्णय झालेला नाही.

रोगकारकता : विषाणूच्या दृष्टीने आतडे पुरेसे आहे, तेथे वाढायचे व विष्ठेतून बाहेर पडायचे. पक्षाघात हे आडवळण असून ते पोलिओच्या सु. २०० संसर्गांमागे एकदा घडते. आतड्यातही प्रथम वाढ अधिस्तर पेशींत होते (सेबिन यांचे मत) की टॉन्सिल व आतड्याच्या भिंतीतील पायर क्षेत्रांतील लसिकाभ ऊतकांत (बोडियन यांचे मत), हे पुरते ठरलेले नाही.

तंत्रिका तंत्रात शिरकाव कसा होतो, हा त्याहून जुना वाद. फ्लेक्सनर यांनी माकडांवरील प्रयोगांतून नाकातून थेट तंत्रिका तंत्रात हा मार्ग मांडला. त्यांच्याकडील वाण तंत्रिका तंत्रातच वाढण्यास सरावलेला होता, हे पुढे कळले. तोवर १९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या नाकांत जस्ताच्या लवणाचे फवारे मारूनही झाले होते. बोडियन व हॉर्स्टमन यांनी १९५२ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले, की पक्षाघाताआधी काही दिवस विषाणू रक्तात असतो. रक्तातून मेरुरज्जूत जाण्याची वाट आज अधिक मान्य आहे. स्नायूला इजा झाल्यास तो चेतातंतूतून उलट चढतो, यालाही भक्कम आधार आहे : १९५५ मध्ये अमेरिकेत पूर्ण निष्क्रिय न झालेली लस दिलेल्या बऱ्याच मुलांत टोचलेला अवयवच आधी लुळा पडला.

सीडी१५५ अनेक ऊतकांत आढळतो, तरी नाश मुख्यत्वे मेरुरज्जूच्या अग्रशृंगातील चालक चेतापेशींचाच होतो. केवळ ग्राहीने याचे स्पष्टीकरण होत नाही. इतर ऊतकांत इंटरफेरॉन या विषाणुरोधी प्रथिनांचा प्रतिसाद विषाणूला वेळीच आवरतो, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. सेबिन लसवाणांत (तोंडावाटे द्यायच्या लशीतील दुर्बल केलेल्या वाणांत) अंतर्गत प्रवेशस्थळातील एकेका न्यूक्लिओटाइडाचा बदल (प्रकार १ मध्ये ४८०, प्रकार २ मध्ये ४८१, प्रकार ३ मध्ये ४७२ क्रमांकावर) चेतापेशींतील भाषांतर दुबळे करतो. प्रकार ३ मधील बदल लस घेतलेल्यांच्या आतड्यात लवकर उलटतो. २०२१ पासून वापरात आलेल्या नव्या प्रकार २ लसवाणात हा भाग मुद्दाम स्थिर केला आहे.

कॉक्सॅकी बी हृदयस्नायूत शिरतो. त्याचा २ए डिस्ट्रोफिन हे स्नायुप्रथिन तोडतो, असे १९९९ मध्ये दाखवले गेले. हृदयस्नायुविकारात याचा वाटा असावा. प्रकार १ मधुमेहाशी त्याचा संबंध वारंवार सांगितला जातो, पण कार्यकारण सिद्ध नाही. ए७१ व कॉक्सॅकी ए१६ हे हात-पाय-तोंड रोगाचे मुख्य कारक. ए७१ क्वचित मस्तिष्कस्तंभावर आघात करतो.

डी७० हा १९६९ मध्ये घानात आढळला व १९७१ मध्ये मुंबईत डोळ्यांची साथ घेऊन आला. त्या काळी ‘डोळे आले’ म्हणून घरी बसलेल्यांपैकी काही प्रौढांचे पाय काही दिवसांनी वा आठवड्यांनी पोलिओसारखे लुळे पडले. मुंबईचे तंत्रिकातज्ज्ञ नोशिर वाडिया यांनी हे रुग्ण हेरून प्रथम वर्णिले. १९८१ च्या साथीतही तसे रुग्ण पुन्हा आढळले.

निदान व प्रतिबंध : निदान विष्ठा, घशाचा स्राव वा मस्तिष्कमेरुद्रवातील आरएनए तपासून होते. भारतातील शेवटचा वन्य पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला. सांडपाण्यातील पोलिओ विषाणूंवरील लक्ष मुंबईत २००१ पासून ठेवले जाते. ए७१ वरील निष्क्रिय लशी चीनमध्ये २०१५–१६ मध्ये मान्य झाल्या. विशिष्ट औषध नाही : कवचाच्या खोबणीत बसून ते घट्ट करणारे प्लेकोनॅरिल अमेरिकेत २००२ मध्ये सर्दीसाठी नाकारले गेले. २सी ला रोखणाऱ्या ग्वानिडिन या रसायनाला विषाणू थोड्याच पिढ्यांत सरावतो.