बहुभ्रूणता (संत्रावर्गीय फळझाडांतील)

एका बीमध्ये एकाहून अधिक भ्रूण असणे. संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, जंबेरी, रंगपूर लिंबू यांत ती नेहमीची. पपनस व महाळुंग एकभ्रूणी. संत्र्याचे ताजे बी भिजवून दोन्ही साली सोलल्या की आत पिस्त्यासारख्या हिरव्या, लहानमोठ्या, एकमेकींत दाटून बसलेल्या फोडी दिसतात. हेच वेगवेगळे भ्रूण.

सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण करणारे लेव्हेनहूक यांनी १७१९ मध्ये ही गोष्ट नोंदवली. उलगडा वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी १८७८ मध्ये केला. फलनातून साधारणतः एकच भ्रूण बनतो. बाकीचे भ्रूणकोशाभोवतीच्या प्रदेहातून, म्हणजे निव्वळ मातेच्या ऊतकातून उगवतात. त्यांत परागाचा वाटा नसल्याने ती रोपे आईची हुबेहूब प्रत असतात. हा गुण प्रभावी (एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा) आहे; २०१७ मधील जनुकीय अभ्यासाने त्याचा संबंध आरकेडी१ या जनुकाच्या नियंत्रक भागात शिरलेल्या एका लहान डीएनए तुकड्याशी जोडला.

संकर करणाऱ्याला हा गुण अडथळाच ठरतो. फलित भ्रूण बहुधा लहान असतो आणि भावंडांच्या दाटीत उपाशी राहतो. म्हणून मादी एकभ्रूणी घेतात किंवा पराग त्रिपर्णी संत्र्याचा वापरतात. तीन पर्णिकांचे पान प्रभावी असल्याने संकरित रोप वाफ्यातच ओळखू येते. संत्र्याच्या बीपासून थेट वाढवलेले झाड काटेरी, जोमदार असते आणि फळावर यायला बरीच वर्षे घेते. त्यामुळे खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) बियांचा आणि वरचे वाण डोळ्याचे (काडीवरील कळी बसवून वाढवलेले), अशी विभागणी रूढ झाली.

नागपुरी संत्रा नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणला, अशी परंपरा आहे. काळ बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरचा सांगतात. रघूजी नावाचे राजे तीन झाले. त्यांपैकी दुसरे रघूजी (कारकीर्द १७८८–१८१६) या काळाशी अधिक जुळतात. बिया आल्या की कलमे, हे आजच्या झाडांच्या सारखेपणावरून ठरवता येत नाही, कारण बहुभ्रूणी बीही सारखीच झाडे देते. 

पन्हेरीसाठी (खुंटाची रोपे वाढवण्यासाठी) पक्व जंबेरीचे बी धुऊन सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. ठेवून दिल्यास उगवण झपाट्याने घटते. वाफ्यातून रोपे काढताना खुजी, वाकड्या सोटमुळाची आणि भलतीच उंच रोपे फेकावी लागतात. फलित, म्हणजे वेगळ्या गुणांची रोपे बहुधा याच टोकांना असतात. ती ठेवली की बागेत पुढे कमीजास्त वाढीची झाडे दिसतात आणि दोष खताला दिला जातो. खोड पेन्सिलीएवढे झाले की जमिनीपासून २५ ते ३० सेंमी उंचीवर डोळा बांधतात. खाली बांधल्यास ओल्या मातीतील फायटोफ्थोरा ही बुरशीसदृश कीड सांध्यापर्यंत पोचून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो.

विषाणूंच्या बाबतीत बी ही चाळणी आहे. भ्रूण आणि मातेच्या अन्नवाहिन्या यांचा थेट सांधा नसतो, आणि ट्रिस्टेझा या झाड खचवणाऱ्या रोगाचा विषाणू प्रामुख्याने त्या वाहिन्यांतच राहतो; म्हणून तो बियांतून उतरत नाही. पानांवर चट्टे पाडणारा लीफ ब्लॉच विषाणू काही जातींत अल्प प्रमाणात उतरतो, हा अपवाद. डोळे घेण्याच्या काडीतून, म्हणजे डोळकाडीतून, मात्र सारे उतरते. झाड वरून निरोगी दिसते म्हणून त्याची काडी घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक्सोकॉर्टिस या साल सोलवटवणाऱ्या रोगाचा विषाणुसदृश घटक तर चाकूच्या पात्यावरूनही जातो. झाड बदलताना पाते हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावे. मातृवृक्ष शुद्ध करण्यासाठी ०.१ ते ०.२ मिमीचा शेंडा काचनळीतील कोवळ्या खुंटावर बसवतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे काम चालते. असा वृक्ष कीडरोधक जाळीतच ठेवावा लागतो; उघड्यावर काळा मावा ट्रिस्टेझा परत आणतो.

केळीत ही चाळणीच नाही. खाण्याच्या केळीला बी नसते, मुनव्यांतून रोग पुढे जातो. शिवाय रानकेळीकडून आलेल्या ‘B’ नावाच्या गुणसूत्रसंचात स्ट्रीक या पानांवर रेघा पाडणाऱ्या विषाणूचा डीएनए गुंफलेला असतो. संकर किंवा ऊतिसंवर्धनाच्या ताणाने तो जागा होतो आणि निरोगी मातापित्यांची संतती आजारी निघते. संत्रावर्गातील पीत मोझॅकचा विषाणू याच, बॅडना नावाच्या, विषाणूगटातला आहे.