विलाप-प्रार्थना

आजार, मृत्यू, विश्वासघात, अन्याय किंवा छळ वाट्याला आला असता आपली तक्रार, प्रश्न आणि मागणी देवापुढे उघडपणे मांडण्याची ख्रिस्ती प्रार्थनेची रीत. बायबलमधील स्तोत्रसंहिता, विलापगीत आणि ईयोब ही पुस्तके तिचा पाया आहेत. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. इतके असूनही पुष्कळ मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) उपासनेत स्तुतिगीतेच ऐकू येतात. मग दुःखात असलेल्या माणसाला वाटू लागते की आपला विश्वासच कमी पडला. ही समजूत बायबलला धरून नाही. वधस्तंभावर येशूने 22व्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ (मार्क 15:34). त्याने मोठ्या आक्रोशाने व अश्रू ढाळत प्रार्थना केल्याचे इब्री लोकांस पत्रातही म्हटले आहे (5:7).

विलाप आणि कुरकुर यांत फरक आहे. अरण्यातले इस्राएल लोक आपापल्या तंबूंत देवाविरुद्ध कुरकुरले आणि मिसर (इजिप्त) देशी परत जाण्याचे बेत करू लागले (अनुवाद 1:27, गणना 14:4). ते देवाविषयी बोलत होते, देवाशी नाही. विलापातले शब्द त्याहून कडवट असू शकतात, पण ते देवालाच उद्देशून असतात. संबंध तुटू न देणारी ही एवढी एक गोष्ट आहे आणि तिच्यावरच सारे उभे आहे.

रचना. बहुतेक विलाप-स्तोत्रांत देवाला हाक, तक्रार, मागणी, भरवसा आणि शेवटी स्तुती किंवा स्तुतीचे वचन असे भाग दिसतात. अभ्यासाला 13वे स्तोत्र सर्वांत सोयीचे, कारण ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणी आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा व गायन. हा क्रम मात्र साचा नव्हे. 42 व 43 या स्तोत्रांत ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ या अर्थाचे पालुपद तीन वेळा येते, म्हणजे एकदा सावरलेला माणूस पुन्हा ढासळतो आणि पुन्हा स्वतःला समजावतो. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्यात आशेचा धागा एकच: आरंभी देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक आहे. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात जसेच्या तसे ठेवले गेले, ही दीर्घ दुःखातल्या माणसासाठी मोठी सोय आहे.

विलापगीताची पाच प्रकरणे यरुशलेमच्या विध्वंसाचा शोक करतात. पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओव्या, म्हणून 66. प्रभूची करुणा रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन (3:22-23) पुस्तकाच्या मध्यावर आहे, शेवटी नाही. त्यानंतरही शोक चालूच राहतो.

आचरण. आधी प्रसंगाला जुळणारे स्तोत्र निवडावे: आजारपणात 6 किंवा 38, जवळच्याने दगा दिला असता 55, वृद्धापकाळी 71, अपराधाच्या ओझ्याखाली 51 किंवा 130, आपला दोष दिसत नसताना समाजावर संकट आले असता 44. जुन्या लॅटिन बायबलच्या क्रमांकनात यांपैकी बहुतेकांचा आकडा एकाने कमी असतो. 55वे तिथे 54वे असते. स्तोत्र मोठ्याने वाचावे. तक्रारीच्या ओव्यांपाशी थांबून आपले दुःख नेमक्या शब्दांत सांगावे. ‘मी संकटात आहे’ एवढ्यावर न थांबता काय गेले, कोणाची भीती वाटते, कोणाचा राग आहे, हे बोलावे. मग एकच स्पष्ट मागणी करावी. भरवशाच्या ओव्या मनातून उमटत नसतील तर त्या केवळ वाचाव्यात. त्या क्षणी मंडळीचा विश्वास त्या माणसाला उचलून धरतो. स्वतःचे शब्द सुचेनासे झाले तर गप्प बसूनही प्रार्थना होते, कारण पवित्र आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्याने मध्यस्थी करतो (रोम 8:26). तीच मागणी पुन्हा करणे अविश्वास नव्हे. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे आपल्याला छळणारी एक पीडा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवले. काटा गेला नाही, पण ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळाले (2 करिंथ 12:8-9).

शत्रूला शाप देणारी 109 व 137 ही स्तोत्रे वाचकाला अडखळवतात. ती सूडाची परवानगी देत नाहीत. सूड देवाच्या हाती सोपवून माणसाचे हात त्यापासून मोकळे ठेवणे, हा त्यांचा योग्य उपयोग.

सामूहिक रूप. पश्चिमी चर्चच्या जुन्या परंपरेत पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) शेवटच्या तीन दिवसांच्या उपासनेत विलापगीत गायले जाई आणि 15 मेणबत्त्यांपैकी एकेक विझवली जाई. शेवटची न विझवता वेदीमागे लपवत व नंतर परत आणत.

चुका. सर्वांत मोठी चूक सोबत करणाऱ्यांकडून घडते. संकटांनी ग्रासलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ठीक होते. तोंड उघडून त्यांनी त्याचे पाप शोधायला घेतले आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला (ईयोब 42:7). जन्मांधाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणाचे?’ असाच प्रश्न केला तेव्हा येशूने पापाचे कारण नाकारले (योहान 9:3). दुसरी चूक म्हणजे शोक करणाऱ्याला लगेच आभार मानायला लावणे. त्याने दुःख मिटत नाही, केवळ प्रार्थनेतून हद्दपार होते, आणि काही काळाने प्रार्थनाही बंद पडते. तिसरी, प्रार्थनेतल्या कोरडेपणाच्या, म्हणजे देव दूर वाटण्याच्या, काळात मोठे निर्णय बदलणे. येशू संघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी अशा वेळी आधीचा संकल्प न बदलण्याचा नियम घालून दिला आहे.

विलाप उपचाराची किंवा संरक्षणाची जागा घेत नाही. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिले, दोनदा खाऊ-पिऊ घातले. देवाशी संवाद त्यानंतर झाला (1 राजे 19). झोप व भूक हरपली, जीव नकोसा झाला तर डॉक्टरांकडे जावे. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जावे. ते सहन करणे म्हणजे क्रूस वाहणे, असा सल्ला कोणत्याही पाळकाने देऊ नये.