बसवर पाळी कोणाची?

नव्वदच्या दशकात म्हापशातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी उमेदवारी करत होतो. एका छापखान्याचा संगणक आला होता. हँड स्कॅनर फिरवायला घेतला की मशीन गोठायचं, आणि हे सगळं साऊंड कार्ड घातल्यापासून. दोन्ही कार्डांनी डीएमएचा, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीशी बोलायच्या वाटेचा, १ नंबरचा चॅनेल धरून ठेवला होता. मालकांनी स्कॅनरच्या कार्डावरचा जंपर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी काळी टोपी, चिमट्याने उचलून ३ वर बसवला. "आता भांडायची नाहीत," म्हणाले.

ते भांडण तेव्हाही जुनंच होतं. संगणकातली 'बस' हा शब्द लॅटिन 'ओम्निबस'वरून आला, अर्थ 'सर्वांसाठी'. प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळे एकाच तारांच्या जुडग्यावर. दोघे एकदम बोलले तर तारेवर कचरा. सुरुवातीला प्रश्न हलका होता, कारण एकेक बाइट प्रोसेसरच वाहून नेई आणि बसची मालकी त्याचीच. डिस्क थेट मेमरीशी व्यवहार करू लागली, तेव्हा मालकीला वाटेकरी आले आणि लवाद नेमावा लागला. हार्डवेअरवाले त्याला आर्बिटर म्हणतात.

१९७० साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ या संगणकात युनिबस नावाची बस आली. तिचा लवाद पंगतीतल्या वाढप्यासारखा. 'घ्या' असा सिग्नल प्रोसेसरकडून निघे आणि एका कार्डातून पुढच्या कार्डात जाई. ज्याला हवं तो तिथेच अडवी. एकाच पातळीवर मागणी करणाऱ्यांत प्रोसेसरजवळ बसलेल्याचं आधी भागे. मधला स्लॉट रिकामा राहिला तर साखळी तुटायची, म्हणून तिथे एक छोटं कार्ड खोचत. त्याचं काम एवढंच, सिग्नल या बाजूने घ्यायचा आणि त्या बाजूने सोडायचा. ते विसरलं की पलीकडची धडधाकट यंत्रं उपाशी. माझ्या मते कुठे बसलात यावर हक्क ठरवणारी ही रचना स्वस्त होती, न्यायी नव्हे.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम इंटेलच्या ८२३७ चिपकडे होतं. चार चॅनेल, ० चा मान सर्वांत मोठा. तो मान आयबीएमने मेमरी ताजी ठेवण्याच्या कामाला दिला, कारण डीरॅम, म्हणजे संगणकाची नेहमीची मेमरी, दर १५ मायक्रोसेकंदांच्या आसपास एकेक ओळ करत चाळवत राहिलं नाही तर विसरू लागते. फ्लॉपीला २ नंबर. आयबीएमच्याच १९८७ च्या मायक्रो चॅनेल नावाच्या बसमध्ये कार्डं चार तारांवर आपापला क्रमांक मांडून आपसांत निवाडा करत, पण ती बस बाजारात रुजली नाही.

रुजली ती १९९२ ची पीसीआय. इथे प्रत्येक कार्डाला मागणीची वेगळी तार आणि परवानगीची वेगळी. खरी गंमत वेळेची. एकाचा व्यवहार चालू असतानाच पुढचा कोण ते ठरलेलं असतं. आमच्या गावच्या भजनी सप्ताहात पहिल्या पथकाची पाळी संपत आली की दुसरं टाळ हातात घेऊन मागे बसलेलंच असतं, मध्ये खंड पडत नाही, तसंच. कोणी बसला तर उठेचना, असं होऊ नये म्हणून प्रत्येकाला एक घड्याळही दिलेलं. ते संपलं आणि परवानगीही काढून घेतलेली असली, की बस सोडायची.

पण लवादालाच ठरवता आलं नाही तर? दोन मागण्या जवळजवळ एकाच क्षणी आल्या, तर निकाल धरून ठेवणारा फ्लिप-फ्लॉप, म्हणजे ० किंवा १ लक्षात ठेवणारं छोटं सर्किट, ० आणि १ च्या मध्येच लटकू शकतो. सेंट लुईसच्या चेनी आणि मोल्नार यांनी हे १९७३ मध्ये मोजून दाखवलं. मागे आणखी एक फ्लिप-फ्लॉप लावून थोडा वेळ दिला की धोका खूप घटतो, पण शून्य होत नाही.

२००३ च्या आसपास पीसीआय एक्स्प्रेसने सामायिक बसच मोडीत काढली आणि ज्याला त्याला स्वतंत्र लेन दिली. रांग मात्र गेली नाही, ती स्विचच्या पोटात आणि मेमरी कंट्रोलरच्या दारात जाऊन उभी राहिली.

मला सर्वांत देखणी वाटते ती गाडीतल्या छोट्या संगणकांना जोडणारी कॅन बस, बॉशने १९८६ मध्ये मांडलेली. तिच्यात वेगळा लवाद नाहीच. प्रत्येक संदेशाच्या पुढे क्रमांक असतो, आणि तारेवर ० नेहमी १ ला दाबतो. समजा एकाने ००१०१ सुरू केलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ००११०. चौथ्या बिटाला दुसरा १ पाठवतो, पण तारेवर त्याला ० ऐकू येतो. तो तिथेच गप्प होतो. पहिल्याला कोणी आडवं आलं होतं याचा पत्ताही लागत नाही, त्याचा संदेश जसाच्या तसा पोचतो.

आज त्याच म्हापशात गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधल्या कॅन बसच्या, म्हणजे ६ आणि १४ नंबरच्या, पिनांना मल्टिमीटर लावतो. बॅटरीची वायर आधी काढलेली. काटा ६० ओहमवर आला की तार शाबूत, दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर. १२० दाखवला, तर एक टोक कुठेतरी सुटलंय.