झोपेत श्वास थांबतो की अडतो? लेहला गेलेल्या लेकरांच्या आईबापांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी फौजेत आहे. कुणी बायकापोरांना लेहला नेलं की फोन येतो, "आई, बाळ झोपेत मधेच श्वास थांबवतंय." इकडून आजी म्हणते, "विरळ हवा हाय तिथली, व्हायचंच." आजीचं म्हणणं कधी अगदी खरं असतं. पण कधी त्याच धीरावर खरा आजार महिनोन् महिने अंगावर काढला जातो.

कोल्हापूर साधारण 550 मीटरवर, लेह 3,500 मीटरवर. हवेत ऑक्सिजन दोन्हीकडे 21 टक्केच, पण लेहला हवेचा दाब इतका कमी की एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. म्हणून शरीर जास्त श्वास घेतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो. गाढ झोपेत श्वासाची सूचना मुख्यतः हाच वायू देतो. तो घटला की मेंदू काही सेकंद श्वास घ्यायला सांगतच नाही. साठला की पुन्हा सुरू. याला पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतात. शरीर उंचीला सरावलं की ते बहुधा कमी होतं, खाली उतरलं की जातं.

दुसरा प्रकार ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्नियाचा. इथे मेंदू सांगतोय, पण वाट बंद आहे. दोन ते आठ वर्षांच्या मुलांत बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि अडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) ही वाट अडवतात. हा त्रास कोल्हापुरातही होतो आणि उंचीवरून उतरल्याने बरा होत नाही.

ओळखायचं कसं? लेकराचा सदरा वर करून शांततेच्या त्या सेकंदांत छाती बघा. मेंदूची सूचनाच थांबली असेल तर छाती-पोट दोन्ही स्तब्ध असतात, चेहरा निवांत असतो. वाट अडली असेल तर पोट फुगतं तेव्हा छाती आत जाते, गळ्याखालचा खळगा ओढला जातो, आणि मग मोठ्या घरघरीने श्वास सुटतो. अशी मुलं तोंड उघडं टाकून, मान मागे करून झोपतात, घामाघूम होतात. दिवसा ती पेंगतीलच असं नाही. उलट चिडचिड करतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, काहींचं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागतं.

लेहला निरोगी मुलाच्या बोटावरचं ऑक्सिमीटर 90 च्या आसपास दाखवतं, ते तिथलं नेहमीचंच. पण त्या पातळीवरून ऑक्सिजन घसरतो तो झपाट्याने. म्हणून वाट अडणाऱ्या मुलाला उंचीवर जास्त धोका. मूल इथेच बहुतेक रात्री घोरत असेल, तर बदलीचं सामान बांधण्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

तान्ह्या बाळांचं थोडं वेगळं. पहिल्या काही महिन्यांत पाच-दहा सेकंदांचे थांबे इथेही पडतात. पण थांबा 20 सेकंदांवर गेला, ओठ निळसर पडले, जागेपणीही धाप लागली किंवा बाळ दूध ओढेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि कोल्हापुरातून पाठवलेलं झोप आणणारं सर्दीचं औषध तिथे मनाने देऊ नका. ते दोन्ही प्रकारांत श्वास आणखी मंदावू शकतं.