सिग्नलला सायकल दिसत नाही, की सिग्नल कोणालाच पाहत नाही?

लाल दिव्यापुढे एकटा सायकलस्वार उभा आहे, आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि तरीही दिवा हिरवा होत नाही. या एकाच दृश्यामागे दोन अगदी वेगळ्या यंत्रणा असू शकतात. पहिली घड्याळावर चालते आणि रस्त्यावर कोण उभे आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. दुसरी रस्त्यावरच्या वाहनाची चाहूल घेऊन चालते आणि तिच्या बाबतीत सायकलची चाहूल न लागणे हा खराखुरा दोष असतो. परदेशातून किंवा मोठ्या शहरातून आलेले नातेवाईक दुसऱ्या यंत्रणेच्या तक्रारी सांगतात, त्या आपण पहिल्या यंत्रणेला चिकटवतो आणि मग जळगावात वा धुळ्यातही ‘सेन्सरला सायकल दिसत नाही’ असे बोलले जाते. जो सेन्सर बसवलेलाच नाही त्याच्या दुरुस्तीची मागणी केली, तर तो अर्ज कोणत्याही टेबलावर पुढे सरकणार नाही.

खान्देशातील शहरांत आपली गाठ पडते ती बहुतांशी पहिल्या प्रकाराशी. चौकाच्या कडेला असलेल्या लोखंडी पेटीत एक कंट्रोलर असतो आणि त्यात प्रत्येक दिशेच्या हिरव्या, पिवळ्या व लाल दिव्याचे सेकंद भरून ठेवलेले असतात. समजा एखाद्या चौफुलीचे एक आवर्तन 120 सेकंदांचे आहे. त्यात हमरस्त्याला 70 सेकंद आणि आडव्या रस्त्याला 40 सेकंद हिरवा दिवा मिळतो, तर उरलेले 10 सेकंद दोन्ही वेळच्या पिवळ्या दिव्यात आणि सर्व बाजू लाल ठेवण्यात जातात. वर्गात मुले असोत वा नसोत, शाळेची घंटा जशी ठरल्या वेळी वाजते, तसेच हे चालते. मे महिन्याच्या दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना चौकात कोणी नसले, तरी हमरस्त्याला त्याचे 70 सेकंद मिळतातच. म्हणून इथे सायकलवर विशेष अन्याय होतो असे म्हणता येत नाही, कारण त्याच रिकाम्या चौकात ट्रकवालाही तेवढाच वेळ खोळंबतो. शिवाय या प्रतीक्षेला निश्चित कमाल मर्यादा असते. वरच्या उदाहरणात आडव्या रस्त्यावरच्या माणसाला फार तर सव्वा मिनिटाच्या आसपास थांबावे लागेल, त्याहून खूप अधिक कधीही नाही.

दुसऱ्या प्रकारात ही मर्यादाच नाहीशी होऊ शकते. वाहन ओळखून चालणाऱ्या सिग्नलवर हमरस्त्याचा दिवा हिरवाच राहतो आणि आडव्या रस्त्यावर कोणी आल्याची सूचना मिळाली तरच आवर्तन पुढे सरकते. मोटार आली की काही सेकंदांत तिची पाळी येते. सायकल आली आणि यंत्रणेला ती कळली नाही, तर सायकलस्वार पाच मिनिटे उभा राहिला काय आणि तासभर उभा राहिला काय, पाठीमागून एखादी मोटार येईपर्यंत त्याची नोंदच होत नाही. ज्या देशांत असे सिग्नल सर्रास आहेत तिथल्या सायकलस्वारांची तक्रार ही आहे, आणि ती रास्त आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 1928 साली चार्ल्स अ‍ॅडलर यांनी बसवलेल्या सिग्नलला मोटारीचा भोंगा ऐकू येत असे. आडव्या रस्त्यावरच्या चालकाने थांबून भोंगा वाजवला की दिवा बदलायचा. शेजारपाजारच्या रहिवाशांची झोप किती झाली असेल, याची कल्पना कोणत्याही हमरस्त्यालगत राहणाऱ्या खान्देशवासीयाला करता येईल. पुढे 1960च्या दशकापासून रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याची, म्हणजे लूपची पद्धत रूढ झाली आणि सायकलच्या अडचणीचे मूळ तिथे आहे.

थांबरेषेच्या अलीकडे रस्त्याला चौकोनी चर पाडून त्यात तारेचे काही वेढे बसवतात आणि वरून डांबरी लेपाने चर बुजवतात. या तारेतून उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला जातो, त्यामुळे वेटोळ्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. मोटारीचा धातूचा तळ त्यावर आला की त्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उमटतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात, वेटोळ्याचे प्रवर्तनमूल्य (इंडक्टन्स) घटते आणि पेटीतले यंत्र हा फरक टिपते. येथे वजनाचा काहीच संबंध नाही. त्यामुळे सायकल हलकी आहे म्हणून सिग्नल बदलत नाही, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे; कॅरिअरला दुधाच्या चार कॅन अडकवल्या तरी वजनामुळे यंत्राला अधिक काही कळणार नाही. बुटाला किंवा सायकलला लोहचुंबक बांधण्याचा उपायही तितकाच निरुपयोगी आहे, कारण यंत्र चुंबक शोधत नसून विद्युतवाहक धातूचा परिणाम मोजत असते आणि स्थिर चुंबकाने तो परिणाम होत नाही.

सायकलचा जो भाग लूपला जाणवतो तो मुख्यतः चाकाची रिम. धातूची रिम म्हणजे प्रवाह फिरण्यासाठी बंद कडेच, आणि त्या कड्यातून जितके जास्त चुंबकीय क्षेत्र आरपार जाईल तितकी तिची चाहूल स्पष्ट लागते. आता मोटारीची सवय असलेला माणूस साहजिकच चौकोनाच्या मधोमध उभा राहतो, पण तिथे क्षेत्राच्या रेषा जमिनीतून उभ्या वर येतात, रिमही उभीच असते, त्यामुळे रेषा तिच्या कडेने निघून जातात आणि कड्यातून जवळजवळ काहीच आरपार जात नाही. याउलट पुरलेल्या तारेच्या नेमके वर क्षेत्र आडवे असते. चाके त्या चराच्या रेषेवर, रेषेच्याच दिशेने टेकवली की क्षेत्र रिममधून थेट जाते. म्हणून लूप असलेल्या देशांत जाणते सायकलस्वार चौकोनाच्या मध्यावर न थांबता त्याच्या कडेच्या चरावर दोन्ही चाके ठेवून थांबतात, आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी ती जागा दाखवणारे सायकलचे चिन्ह रस्त्यावर रंगवलेले असते. अ‍ॅल्युमिनियमची रिम उत्तम विद्युतवाहक असल्याने चालते, आपल्याकडच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलची पोलादी रिमही चालते. अडचण येते ती कार्बनच्या महागड्या चाकांना. लाखभर रुपयांची सायकल यंत्राला दिसू नये आणि मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलीला मिळालेली सायकल दिसावी, यात थोडी गंमत आहे खरी.

मग यंत्राची संवेदनशीलता वाढवून प्रश्न का सोडवत नाहीत? तशी ती वाढवता येते आणि अनेक ठिकाणी वाढवतातही, पण साध्या चौकोनी लूपची संवेदनशीलता फार चढवली, तर शेजारच्या पट्ट्यातून जाणारा मोठा ट्रकही त्याच्याच नावावर नोंदला जातो. त्यावर तोडगा म्हणून इंग्रजी आठाच्या आकाराचे किंवा तिरप्या तारांचे लूप वापरतात. त्यांत मधल्या तारांवर क्षेत्र एकवटते आणि बाजूला कमी पसरते. कॅलिफोर्नियाने 2007 साली कायदा करून नव्याने बसवल्या जाणाऱ्या अशा सिग्नलना सायकल आणि मोटारसायकल ओळखता आलीच पाहिजे, असे बंधन घातले. नेदरलँड्समध्ये सायकलचा मार्गच वेगळा असल्याने लूप थेट त्या मार्गात पुरतात आणि जोडीला खांबावर बटणही देतात.

आपल्याकडे लूपची पद्धत फारशी रुजली नाही, त्याची कारणे रस्त्यावर उघड दिसतात. लूप एका पट्ट्यात एक वाहन असे गृहीत धरतो, तर आपल्या चौकात थांबरेषेवर दोन रिक्षांच्या मध्ये तीन दुचाकी आणि त्यांच्या पुढे एक हातगाडी असते. शिवाय जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी रस्ता एकदा खोदला की तार तुटते आणि लूप कायमचा मुका होतो. त्यामुळे भारतात वाहन ओळखणारे सिग्नल आले, ते मुख्यतः कॅमेऱ्यांच्या आधारे. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने भारतातील पट्टे न पाळणाऱ्या मिश्र वाहतुकीसाठी ‘कोसिकॉस्ट’ नावाची प्रणाली विकसित केली, ती याच गरजेतून. कॅमेऱ्याला रिमच्या धातूशी कर्तव्य नसते, पण त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत: अंधारात दिव्याविना उभी असलेली सायकल, समोरून येणारे उन्हाचे तिरपे किरण, काचेवर बसलेली धूळ आणि मोठ्या वाहनाच्या आड झाकली गेलेली लहान आकृती.

या कॅमेऱ्यांनीच गैरसमजात मोठी भर घातली आहे. चौकात खांबावर कॅमेरा दिसला की तो सिग्नल चालवतो असे वाटते, पण बहुतेक वेळा तो पोलिसांच्या देखरेखीसाठी किंवा ई-चलानसाठी वाहनाचा क्रमांक वाचायला लावलेला असतो आणि दिव्यांच्या पेटीशी त्याची जोडणीच नसते. नुसत्या दिसण्यावरून दोन्ही कॅमेरे वेगळे ओळखणे कठीण आहे. त्याऐवजी सिग्नलची वागणूक पाहावी. वर्दळ नसलेल्या वेळी लागोपाठची तीन-चार आवर्तने घड्याळ लावून मोजली आणि प्रत्येक वेळी हिरवा व लाल तेवढेच सेकंद टिकले, रिकाम्या रस्त्यालाही हिरवा मिळत राहिला, तर सिग्नल घड्याळाचा आहे. उलटे सेकंद दाखवणारा आकडा असेल आणि तो दर आवर्तनाला त्याच अंकापासून सुरू होत असेल, तरी निष्कर्ष तोच. वाहन पाहून चालणाऱ्या सिग्नलला आपला हिरवा केव्हा संपेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून असा नेमका आकडा दाखवणे त्याला अवघड जाते. नेदरलँड्समध्ये सायकलस्वारांसाठी प्रतीक्षा दाखवणारी ठिपक्यांची वर्तुळे आहेत, त्यांतले ठिपके कधी भरभर तर कधी रेंगाळत विझतात, ते यामुळेच. मात्र काही कंट्रोलरमध्ये सकाळ, गर्दीची वेळ आणि रात्र यांसाठी वेगवेगळे सेकंद भरलेले असतात, त्यामुळे सकाळची मोजणी सायंकाळच्या मोजणीशी ताडून पाहू नये.

घड्याळाचा सिग्नल सायकलस्वाराला न्याय देतो, असा अर्थ मात्र यातून काढू नये. त्याचा आंधळेपणा निराळ्या ठिकाणी आहे. चौकातील वाहने मोजून, त्यांचे मोटारीच्या एककात रूपांतर करून आणि ब्रिटिश वाहतूक संशोधक वेबस्टर यांच्या 1958च्या सूत्रासारख्या पद्धतीने आवर्तन ठरवले जाते. या रूपांतरात एक सायकल साधारण अर्ध्या मोटारीएवढी धरली जाते. म्हणजे सायकलस्वाराची दखल घेतली गेलीच असेल, तर ती मोजणीच्या दिवशी कागदावर, आणि तीही अर्धी. खरी अडचण चौक ओलांडण्याच्या वेळेत आहे. 25 मीटर रुंद चौक ताशी 36 किलोमीटर वेगाची मोटार अडीच सेकंदांत पार करते, पण ताशी 12 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलला साडेसात सेकंद लागतात. पिवळ्याचे तीन आणि सर्व बाजू लाल ठेवण्याचे दोन असे पाचच सेकंद असतील, तर हिरव्याच्या शेवटच्या क्षणी निघालेला सायकलस्वार आडव्या रस्त्याचा हिरवा लागतो तेव्हा चौकातच असतो. जळगावच्या अजिंठा चौफुलीसारख्या महामार्गावरच्या रुंद चौकात हा हिशेब अधिकच गंभीर होतो, कारण अंतर वाढते आणि तिथे निघणारे पहिले वाहन पुष्कळदा अवजड असते. लाल दिव्यापुढे सव्वा मिनिट थांबण्यापेक्षा हे अडीच सेकंद कमी पडणे मला कितीतरी घातक वाटते, पण तक्रार मात्र सगळी थांबण्याबद्दल ऐकू येते.

यावरून मागण्याही वेगळ्या ठरतात. घड्याळाच्या सिग्नलबाबत महापालिकेकडे किंवा शहर वाहतूक शाखेकडे लिहायचे, तर आवर्तनाचे सेकंद मोजून द्यावेत आणि सर्व बाजू लाल ठेवण्याचा वेळ वाढवावा, रात्री दहानंतर किंवा पहाटे आवर्तन लहान करावे अथवा पिवळा ब्लिंकर, म्हणजे उघडझाप करणारा दिवा, लावावा, असे नेमके मागावे. दोन-तीन आवर्तनांच्या काळात आपली बाजू एकदाही हिरवी झाली नाही, तर दिवा किंवा कंट्रोलर नादुरुस्त आहे. तेव्हा सायकलवरून उतरून, दोन्हीकडे पाहून, झेब्रा पट्ट्यांवरून ती हाती धरून पलीकडे न्यावी आणि चौक, दिशा व वेळ लिहून कळवावे.

वाहन ओळखणारे सिग्नल खान्देशातील एखाद्या शहरात नव्याने बसणार असतील, तर बोलण्याची वेळ ते बसल्यानंतरची नाही. निविदेच्या अटींतच तीन गोष्टी लिहून घेता येतात: चाचणीच्या वेळी दिवसा आणि रात्री, रिकाम्या रस्त्यावर एकटी सायकल उभी करून ती ओळखली जाते का हे तपासावे, हिरव्याचा किमान वेळ सायकलच्या वेगावरून ठरवावा, आणि ओळखयंत्र बंद पडले किंवा काहीच टिपले नाही, तरी प्रत्येक दिशेला प्रत्येक आवर्तनात एकदा हिरवा मिळेल अशी सोय कंट्रोलरमध्ये चालू ठेवावी. ही तिसरी सोय असे सिग्नल चालवणाऱ्या बहुतेक कंट्रोलरमध्ये मुळातच असते, तिच्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.