तांब्याची नळी ब्रेकला चालते? नाही!

‘तांबं गंजत नाही, सडका ब्रेक पाइप काढून एसीची तांब्याची नळी टाका, पुन्हा बघायला नको’ हा सल्ला कोकणपट्टीतल्या जुन्या पिकअपवाल्यांना हमखास मिळतो. अर्धंच खरं. तांबं लोखंडासारखं गंजत नाही, पण सततच्या थरथरीने ते कडक होतं आणि तडकतं. जोरात ब्रेक मारला की लाइनमधला दाब सहज 70 बारच्या वर जातो. तिथे केसाएवढी चीर पुरते. गंज नकोच असेल तर तांब्यात सुमारे 10 टक्के निकेल असलेला, ब्रेकसाठीच बनवलेला पाइप मागा. त्याच्या तोंडाला डबल फ्लेअर हवा, म्हणजे पसरवलेली कड आत दुमडून दुहेरी केलेली. सिंगल फ्लेअर एसीपुरता ठीक.

आणि पाइप चेसिसला धरून ठेवणारे जुने ब्रॅकेट फेकून केबल टाय मारणारे मिस्त्री पाहिले की डोकं फिरतं. गंज बहुतेकदा ब्रॅकेटखालीच धरतो, कारण खारट चिखल तिथेच अडकून बसतो. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो, ब्रॅकेट उचललं की पापुद्रे सुटतात. त्यामुळे चेसिस खरवडून, रंग मारून ब्रॅकेट नवेच बसवा. मग चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या. उघडं राहिलेलं हवेतला ओलावा ओढून घेतं.