ड्रोन उडायला नाही का म्हणतो? फर्मवेअर अपडेटची पार्श्वभूमी

नवरदेव घोडीवर बसलेला, बँडवाले तयार, आणि ड्रोनवाला गाडीच्या बॉनेटवर रिमोट ठेवून, फोन डोक्याच्या वर धरून रेंज शोधत होता. स्क्रीनवर लाल पट्टी आली होती: फर्मवेअर अपडेट करा, त्याशिवाय टेक-ऑफ नाही. फर्मवेअर म्हणजे ड्रोनच्या आत बसवलेला, त्याला चालवणारा प्रोग्रॅम. मुलीचे मामा दोनदा येऊन विचारून गेले, "काय रे, चार्जिंग संपलं का?" चार्जिंग होतं. तीन बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. नव्हती ती भोरच्या पुढे त्या मंगल कार्यालयाबाहेर मोबाइलला रेंज. शेवटी मिरवणूक शेजारच्या घराच्या गच्चीवरून शूट झाली.

पैसे मोजून घेतलेली, धडधाकट वस्तू मालकालाच नकार देते हे मामांच्या काही केल्या पचनी पडेना. मी पाहुणा होतो आणि मलाही ते पटलं नव्हतं. पण हा नकार एका दिवसात जन्माला आलेला नाही. त्याच्यामागे साधारण पंधरा वर्षांच्या घडामोडी आहेत.

सुरुवात खेळण्यापासून झाली. पॅरिसच्या पॅरट कंपनीने जानेवारी २०१० मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एआर.ड्रोन दाखवला. त्याला रिमोटच नव्हता. ड्रोन स्वतःचं वाय-फाय नेटवर्क सोडायचा, आयफोन त्याला जोडायचा आणि फोन कलता केला की ड्रोन तिकडे झुकायचा. आज यात नवल वाटणार नाही, पण एक गाठ इथे कायमची बसली. उडणाऱ्या यंत्राचा अर्धा मेंदू त्याच्या पोटात राहिला आणि अर्धा खिशातल्या फोनमध्ये गेला. फोनची सिस्टीम बदलणार ॲपल, ॲप बदलणार ड्रोनची कंपनी, आणि दोघांच्या तारखा जुळवत बसणार ग्राहक. २०१७ मध्ये आयफोनच्या अकराव्या सिस्टीमने जुनी ३२-बिट ॲप चालवणं बंद केलं, तेव्हा ज्यांनी फोन अपडेट केला त्यांची नव्याने न लिहिलेली सगळी ॲप एका रात्रीत मुकी झाली. अशा ॲपवर चालणारं यंत्र घरात असेल तर ते धड असून निकामी.

त्याच काळात हौशी मंडळींचं वेगळंच जग होतं. २००९ पासून वाढत गेलेल्या आर्डूपायलट या मुक्त प्रकल्पात फर्मवेअर म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेला आणि कुणीही वाचू शकेल असा मजकूर. नवी आवृत्ती आली की केबल लावायची, लॅपटॉपवरून टाकायची, आकडे स्वतः बसवायचे. ड्रोन झाडात गेला तर आपलं आपण निस्तरायचं. तिथे अपडेट कुणी लादत नव्हतं, कारण लादणारा मालकच नव्हता.

चीनमधल्या शेनझेनच्या डीजेआय कंपनीचा पहिला फँटम ड्रोन जानेवारी २०१३ मध्ये आला तेव्हा तो या दोन जगांच्या मधे होता. खोक्यातून काढा, पंखे बसवा, उडवा. फर्मवेअर बदलायचं तर यूएसबी केबलने संगणकाला जोडावं लागे, आणि ज्यांनी कधीच जोडलं नाही त्यांचं फारसं काही अडत नसे.

फर्मवेअर हा एकवचनी शब्द तसा फसवा आहे. ड्रोनमध्ये तोल सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर असतो, मोटारींचा वेग ठरवणारी सर्किट्स असतात, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल, रेडिओ, जीपीएस आणि रिमोट असतो. शिवाय नव्या बॅटऱ्यांच्या पोटातही एक चिप असते. उरलेला चार्ज मोजायचा, सेल समतोल ठेवायचे आणि काही बिनसलं तर वीज तोडायची, ही तिची कामं. या प्रत्येकात वेगळा प्रोग्रॅम असतो आणि ते एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्तीचे असावे लागतात. चौदा भाऊबंदांच्या सातबाऱ्यासारखं आहे हे. एकाची सही राहिली की काम अडलं.

ज्यांनी २०१५ मधला फँटम ३ वापरला त्यांना हे कानाने आठवतं. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायची, मायक्रो एसडी कार्डावर मोकळी टाकायची, कार्ड कॅमेऱ्याच्या खाचेत सरकवायचं आणि ड्रोन चालू करायचा. गिंबल एका लयीत टी-टी-टी-टी वाजायला लागायचा. कॅमेऱ्याजवळचा दिवा लाल-हिरवा, लाल-हिरवा. जवळपास अर्धा तास हात लावायचा नाही. लय बदलली की काम झालं, पण खात्री करायला कार्ड पुन्हा संगणकात घालून त्यावर उमटलेली टेक्स्ट फाइल उघडायची. शेवटच्या ओळीत यश मिळाल्याची नोंद दिसली की जीव भांड्यात. फँटम ३ प्रोफेशनल असेल तर हेच सगळं रिमोटसाठी पुन्हा. किचकट होतं, पण या पद्धतीत एक मोकळीक होती: कार्डावर काय टाकायचं आणि कधी टाकायचं हे माणूस ठरवत होता.

ही मोकळीक मात्र त्याआधीच उसवायला लागली होती.

२६ जानेवारी २०१५. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाचं संचलन चाललं होतं आणि बराक ओबामा दिल्लीत प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते. त्याच पहाटे वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या घराच्या, म्हणजे व्हाइट हाउसच्या, हिरवळीवर एक फँटम येऊन पडला. उडवणारा होता सरकारच्याच एका नकाशा-गुप्तचर संस्थेचा कर्मचारी, त्या वेळी ड्युटीवर नसलेला. ड्रोन हाताबाहेर गेला आणि हद्द ओलांडून आत कोसळला. कुणाला इजा झाली नाही. पण दोनच दिवसांत डीजेआयने फँटम २ मालिकेसाठी सक्तीचं फर्मवेअर जाहीर केलं: वॉशिंग्टनच्या मध्यभागापासून २५ किलोमीटरच्या परिघात ड्रोन उडणारच नाही.

विमानतळांभोवती अशी कुंपणं कंपनीने आदल्या वर्षीच घालायला सुरुवात केली होती, तेव्हा कल्पना नवी नव्हती. प्रसंगाने तिला धार आणली. वॉशिंग्टनवरच्या उड्डाणबंदीचे सरकारी नियम होतेच. ते पाळायचे की मोडायचे हे उडवणाऱ्याच्या हातात होतं. आता ते यंत्राच्या हातात गेलं. त्या फँटममध्ये बिघाड नव्हता, दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तरीही दुरुस्तीच्याच वाटेने एक नियम आत शिरला. तेव्हापासून अपडेटच्या पुडीत औषध आहे की अट, हे पुडी उघडेपर्यंत कळत नाही.

२०१७ मध्ये हे सगळंच टोकाला गेलं. मे महिन्यात डीजेआयने सांगितलं की येणाऱ्या फर्मवेअर आणि ॲपनंतर ड्रोन नव्याने ॲक्टिव्हेट करावा लागेल. नाही केला तर कॅमेऱ्याचं थेट चित्र बंद, उड्डाण ५० मीटर त्रिज्येत आणि ३० मीटर उंचीपर्यंत. पन्नास मीटर म्हणजे क्रिकेटच्या मैदानाची सीमारेषासुद्धा धड गाठता येत नाही. कारण असं दिलं की ज्या देशात ड्रोन आहे तिथले नकाशे आणि नियम त्याला मिळावेत. मालकांचा संताप समजण्यासारखा होता. बंधनं उठवून देणारे जुगाड विकायला आले, कंपनी पुढच्या अपडेटमध्ये ती भोकं बुजवत गेली आणि जुन्या फर्मवेअरवर परत जाण्याची वाट अरुंद होत गेली.

पण त्याच वर्षीचा ऑगस्टही लक्षात ठेवायला हवा. तळहातावरून उडणारा, ३०० ग्रॅमचा डीजेआयचा स्पार्क ड्रोन नुकताच बाजारात आला होता. काही स्पार्क हवेतच बंद पडून खाली आले. वीज अचानक तुटत होती. कंपनीने बॅटरी आणि ड्रोन दोन्हींसाठी अपडेट काढलं आणि तारीख दिली: १ सप्टेंबरपर्यंत टाकलं नाही तर स्पार्क टेक-ऑफ घेणार नाही. इथे मी निःसंकोचपणे कंपनीच्या बाजूने आहे. खालून चालणाऱ्या माणसाने तुमच्या अटी-शर्तींवर सही केलेली नसते. मुळात गोप्रो कंपनीचं उदाहरण ताजंच होतं. तिने कर्मा नावाचा ड्रोन ऑक्टोबर २०१६ मध्ये विकायला काढला आणि जेमतेम पंधरवड्यात विकलेले सगळे, सुमारे २,५००, परत मागवले, कारण तोही उडताना वीज गमावत होता. बॅटरीची खिट्टी नीट बसत नव्हती, आणि खिट्टी काही फर्मवेअरने बसत नाही.

याच ऑगस्टमध्ये अमेरिकी लष्कराने सायबर सुरक्षेचं कारण देऊन आपल्या तुकड्यांना डीजेआयचे ड्रोन वापरणं थांबवायला सांगितलं. कंपनीने मग इंटरनेट पूर्ण तोडून उडण्याची सोय जाहीर केली. सोय चांगलीच, पण त्या अवस्थेत नकाशे आणि उड्डाणबंदीची ताजी यादीही मिळत नाही. जोडलेलं ठेवावं तर माहिती जाण्याची भीती, तोडावं तर जुन्या माहितीवर उडण्याची.

ॲपचा प्रश्न २०२० मध्ये वेगळ्या बाजूने उघड झाला. सुरक्षा अभ्यासकांनी दाखवलं की डीजेआयचं तेव्हाचं अँड्रॉइड ॲप गूगलच्या दुकानाला वळसा घालून स्वतःच स्वतःला बदलू शकतं. कंपनीचं म्हणणं असं की बंधनं काढलेली बनावट ॲप वापरणाऱ्यांना मूळ ॲपवर आणायला ती तरतूद आहे. पुढे कंपनीचं नवं ॲप अँड्रॉइडवाल्यांना तिच्या साइटवरूनच उतरवून घ्यावं लागू लागलं. त्याचा आपल्याकडे दिसणारा परिणाम म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या इन्स्टॉल फाइली. "भाऊ, ही टाक, मस्त चालते." कुणी बनवली, आत काय आहे, देव जाणे. फोटोग्राफर मंडळींनी एवढं तरी टाळावं. त्याच फोनवर आपलं यूपीआय असतं.

कर्माची गोष्ट अजून संपलेली नाही. गोप्रोने २०१८ च्या सुरुवातीला ड्रोनचा धंदा सोडत असल्याचं सांगितलं. दोन वर्षांनी, २०१९ संपून २०२० उजाडताना, जगभरचे कर्मा जमिनीला खिळले. जीपीएसशी जुळेनात, होकायंत्राचं कॅलिब्रेशन होईना. काल उडालेला ड्रोन आज उडेना, आणि मधल्या काळात कुणी त्याला हातही लावला नव्हता. फर्मवेअर जुनं होण्याचा हा अगदी शब्दशः अर्थ. आतली कालगणना, उपग्रहांचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हिशोब यांनाही मुदत असते. चुंबकत्वाचं जागतिक गणित तर दर पाच वर्षांनी नव्याने प्रसिद्ध होतं, कारण चुंबकीय ध्रुव जागेवर राहत नाही. गोप्रो कॅमेरे विकत टिकून होती, म्हणून काही आठवड्यांत उतारा निघाला. कंपनीच बुडाली असती तर? थ्रीडी रोबोटिक्सने सोलो हा ड्रोन २०१५ मध्ये आणला आणि वर्षभरातच ग्राहकांच्या बाजारातून काढता पाय घेतला. सोलो त्यानंतरही उडत राहिले, कारण त्यांच्या पोटात आर्डूपायलट होतं आणि हौशी लोकांनी त्याचं फर्मवेअर पुढे चालवलं.

आपल्याकडे हाच विचार सरकारने मुळापासून मांडून पाहिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नागरी ड्रोनवर बंदी घातली आणि १ डिसेंबर २०१८ पासून नवे नियम आणले. त्यांचं ब्रीद होतं 'परवानगी नाही तर उड्डाण नाही'. उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेकडून सही केलेली परवानगीची फाइल मिळवायची, आणि ड्रोनचं फर्मवेअर ती सही तपासून मगच मोटारी फिरू देणार. परदेशी कंपन्यांनी आपलं फर्मवेअर त्यासाठी वाकवलं नाही, त्यामुळे लग्नात उडणारे बहुतेक ड्रोन कागदावर कुठेच बसत नव्हते. ५० फुटांखाली उडणाऱ्या, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनना तेवढी सूट होती. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरंच सैल केलं, पण ही अट पुढे लागू करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला, किमान सहा महिन्यांची मुदत देऊन. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे. म्हणून इथे जुने ड्रोन जपून, दुरुस्त करून वापरले जातात, आणि जुन्या ड्रोनवर नवं अपडेट टाकताना हात थरथरतो.

युरोपात त्याच सुमारास उलट चमत्कार झाला. २०२२ मध्ये डीजेआयच्या मॅव्हिक ३ ड्रोनला तिथल्या नियमांतला सी१ दर्जा मिळाला. आधीच विकत घेतलेल्यांनी फर्मवेअर टाकलं, सी१ चं लेबल चिकटवलं, आणि तोच ड्रोन कायद्याने वरच्या वर्गात गेला. आणि जानेवारी २०२५ मध्ये, व्हाइट हाउसच्या हिरवळीला दहा वर्षं होत असताना, डीजेआयने अमेरिकेतली आपली कुंपणं स्वतःच काढली. आता ॲप तिथल्या सरकारी नकाशावरून इशारा देतं, अडवत नाही. त्याच्या काही दिवस आधी लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडलं होतं, त्यामुळे ही वेळ अनेकांच्या डोळ्यांत खुपली.

तो भोरचा ड्रोनवाला परवा भेटला. ॲपचं आपोआप अपडेट त्याने बंद केलंय. नवं फर्मवेअर आलं की आठवडाभर इतरांचं काय होतंय ते बघतो, मग घरच्या वाय-फायवर, शूटच्या आधी दोन रात्री तरी टाकतो आणि अंगणात एकदा उचलून बघतो. त्या लग्नानंतर त्याने तिन्ही बॅटऱ्या एकेक करून लावून पाहिल्या, तेव्हा दोन नव्या आवृत्तीवर होत्या. तिसरी मागे राहिली होती, आणि त्या दिवशी ड्रोनमध्ये तीच होती.